श्वासनलिकेत वस्तू अडकणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समोर कोणी आत्ताच गुदमरत असेल, तर फक्त पहिला प्रश्न वाचा आणि हात चालवा. बाकीचे सावकाश वाचता येईल.

मूल गुदमरतंय. नेमकं काय करू?

आधी एकच गोष्ट बघा: आवाज येतोय का? मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, बोलत असेल तर हवा आतबाहेर होत आहे. अशा वेळी पाठीत मारू नका, तोंडात बोट घालू नका. त्याला पुढे वाकवून बसवा, खोकू द्या आणि १०८ ला फोन लावा. खोकल्याइतका जोर आपल्या हाताने येत नाही.

खोकल्याचा आवाज बंद झाला, तोंड उघडे पण रडू फुटत नाही, ओठ निळसर होऊ लागले, तर हवेची वाट बंद झाली आहे. आता थांबायचे नाही.

एक वर्षावरील मूल किंवा मोठा माणूस: बाजूला, किंचित मागे उभे राहा. एका हाताने छातीला आधार देऊन पुढे वाकवा आणि दुसऱ्या तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये पाच जोरदार फटके द्या. प्रत्येक फटक्यानंतर वस्तू निघाली का बघा. नाही निघाली तर मागून कवेत घ्या (लहान मुलासाठी गुडघ्यावर बसा), मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि आत व वरच्या दिशेने पाच झटके द्या. पाच फटके, पाच झटके, असे आलटून पालटून चालू ठेवा. गरोदर बाई असेल किंवा पोटाला कवेत घेता येत नसेल, तर झटके पोटावर न देता छातीच्या हाडावर द्या.

एक वर्षाखालचे बाळ: आपला हात मांडीवर टेकवून त्यावर बाळाला पालथे घ्या. डोके छातीपेक्षा खाली आणि जबडा बोटांत धरलेला हवा, पण गळा दाबला जाता कामा नये. पाठीवर पाच फटके द्या. मग उताणे करून छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब द्या. पूर्वी इथे दोन बोटांनी दाबायला शिकवत. २०२५ च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत तळहात सांगितला आहे, कारण बोटांनी पुरेसा दाब पडत नाही. बाळाच्या पोटावर झटके कधीच देऊ नका, यकृताला इजा होते.

बेशुद्ध पडले तर कडक जमिनीवर झोपवा आणि सीपीआर (छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे) सुरू करा: ३० दाब, २ श्वास. प्रत्येक वेळी श्वास देण्याआधी तोंडात बघा. वस्तू दिसली तरच काढा. फोन स्पीकरवर ठेवा, म्हणजे हात मोकळे राहतात.

पोटावर झटके दिले असतील, तर वस्तू निघाली तरी पोट एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

उलटं टांगलं तर? केळं, पाणी, भाताचा गोळा दिला तर?

नको. उलटे टांगताना मूल हातातून निसटते आणि फुप्फुसातून सैल झालेली वस्तू थेट स्वरयंत्रात येऊन बसू शकते. केळे आणि पाणी अन्ननलिकेत जाते, वस्तू आहे श्वासनलिकेत. दोन वाटा वेगळ्या. आंधळेपणाने बोट घातले की वरची वस्तू आत ढकलली जाते.

जोरात ठसका लागला, पण दहा मिनिटांत थांबला. मूल आता खेळतंय. तरी न्यायचं का?

हो, त्याच दिवशी. या पानावरचे एवढे एकच उत्तर लक्षात राहिले तरी चालेल.

वस्तू स्वरयंत्रातून खाली उतरताना प्रचंड खोकला येतो. ती एकदा उजव्या किंवा डाव्या श्वसनीत (श्वासनलिकेच्या फुप्फुसात जाणाऱ्या फाट्यात) जाऊन बसली की तिथल्या अस्तराला तिची सवय होते आणि खोकला शमतो. ठसका थांबला याचे दोन अर्थ होतात: वस्तू बाहेर पडली किंवा खाली उतरली. बाहेरून बघून यातला कोणता खरा ते सांगता येत नाही. मधला शांत काळ कधी काही तासांचा असतो, कधी काही आठवड्यांचा. या काळात मूल जेवते, झोपते, दंगा करते आणि घरातली माणसे तो ठसका विसरून जातात. पुढे ताप येतो, कफ होतो, न्यूमोनिया म्हणून उपचार सुरू होतात आणि शेंगदाण्याचा विषय कोणी काढतच नाही.

वस्तू तोंडातून बाहेर पडलेली डोळ्यांनी पाहिली आणि ती अख्खी आहे याची खात्री असली, तर थोडे निश्चिंत व्हायला हरकत नाही. अर्धाच तुकडा मिळाला असेल, तर उरलेला अर्धा कुठे आहे हा प्रश्न उरतोच.

जास्त करून कोणत्या वस्तू अडकतात?

भारतात शेंगदाणा सगळ्यांत पुढे. त्यामागे चणे, वाटाणे, मक्याचे दाणे, सुपारीचे खांड, खोबऱ्याचे तुकडे. गोव्यात ऋतूप्रमाणे यादी बदलते: उन्हाळ्यात काजूगर आणि जांभळाच्या बिया, पुढे सीताफळ. चिकूच्या बीकडे विशेष लक्ष द्या. गुळगुळीत, चपटी आणि टोकाला बारीक आकडा असलेली ही बी गिळतानाही अडकते आणि श्वासात गेली तर आकड्याने अस्तरात रुतते. चिंचोका आणि सुके वाटाणे ओलाव्याने फुगतात: सकाळी अर्धी वाट मोकळी असलेली नळी संध्याकाळपर्यंत पूर्ण बंद होऊ शकते. शेंगदाण्याची गोष्ट वेगळी. त्यातल्या तेलाने अस्तर सुजते आणि थोड्याच दिवसांत दाण्याभोवती लालसर मांस वाढू लागते.

वनस्पतिजन्य नसलेल्या वस्तूंत पेनाचे टोपण, मणी, टाचणी, खेळण्यातला छोटा एलईडी दिवा आणि जत्रेतल्या पिपाणीच्या आतली शिट्टी. शिट्टी मूल फुंकता फुंकता आत ओढते. कधी कधी मग श्वासाबरोबर शिट्टी वाजते. असे निदान विनासायास होते, पण ते क्वचितच.

लहान मुलांनाच एवढा धोका का?

सर्वांत जास्त मुले एक ते तीन वर्षे वयाची असतात. पुढचे दात आलेले असतात, त्यामुळे दाणा फोडता येतो. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, त्यामुळे दळता येत नाही. त्यात हाताला लागेल ते तोंडात आणि तोंडात घेऊन पळणे. या वयात श्वासनलिका साधारण त्याच मुलाच्या करंगळीएवढी जाड असते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेचा अडथळा सोळापट होतो, म्हणून जरासा दाणाही पुरतो.

ठसका कोणी पाहिलाच नाही. मग कशावरून ओळखायचं?

अचानक सुरू झालेला खोकला, ज्याच्या आधी सर्दी-ताप नव्हता. श्वास सोडताना एकाच बाजूला घरघर. आवाज बसणे किंवा श्वास घेताना ओढल्यासारखा आवाज, म्हणजे वस्तू वर स्वरयंत्राजवळ असू शकते. पुन्हा पुन्हा त्याच बाजूचा, त्याच जागचा न्यूमोनिया. डॉक्टर स्टेथोस्कोपने दोन्ही बाजूंची तुलना करतात: एका बाजूला हवेचा आवाज कमी येणे ही मोठी खूण. पण तपासताना छाती साफ असली तरी शंका मिटत नाही.

घरी एक काम करा: त्या वेळी मुलाजवळ कोण होते ते विचारा. शेजारी, मोठी बहीण, सांभाळणारी बाई, आजी. ‘काल चणे खाताना जरा अडकल्यासारखं झालं होतं’ हे वाक्य अनेकदा कोणत्याही चाचणीपेक्षा उपयोगी पडते. ओरडा बसेल या भीतीने पोरे बोलत नाहीत, म्हणून विचारताना आवाज चढवू नका.

एक्स-रे नॉर्मल आला. आता घरी जाऊ?

नॉर्मल एक्स-रेने वस्तू नाही असे सिद्ध होत नाही. शेंगदाणा, काजू, बी, प्लॅस्टिक यांची सावली एक्स-रेवर पडत नाही. धातू, दगड, काही प्रकारची काच दिसते. पहिल्या दिवशी तर बऱ्याच मुलांचा एक्स-रे अगदी स्वच्छ असतो.

एक्स-रेवर वस्तूपेक्षा तिचा परिणाम शोधतात. श्वास घेताना श्वसनी थोडी रुंदावते आणि हवा वस्तूच्या कडेने आत शिरते; सोडताना श्वसनी आखडते आणि तीच हवा आत कोंडते. म्हणून त्या बाजूचे फुप्फुस फुगत जाते. साधा एक्स-रे श्वास आत असताना काढतात, तेव्हा हा फरक लपतो. श्वास सोडलेल्या अवस्थेतला दुसरा एक्स-रे काढला तर अडकलेली बाजू काळी आणि मोठीच राहते आणि हृदयाची सावली विरुद्ध बाजूला सरकते. दोन वर्षांच्या मुलाला ‘श्वास सोड’ सांगून उपयोग नाही, म्हणून त्याला एकेका कुशीवर झोपवून एक्स-रे काढतात. खालच्या बाजूचे फुप्फुस शरीराच्या वजनाने आकसायला हवे. आकसले नाही तर तिथे संशय. नळी पूर्ण बंद झाली असेल तर उलटे होते: आतली हवा शोषली जाते, तो भाग मिटतो आणि पांढरा दिसतो.

सीटी स्कॅन यापेक्षा बराच नेमका आहे आणि आता काही सेकंदांत होतो. तरी नळीत साठलेला घट्ट कफही कधी कधी वस्तूसारखाच दिसतो, आणि किरणोत्सर्गाचा विचार असतोच. प्रसंग स्पष्ट आहे आणि एका बाजूचा आवाज कमी आहे, अशा वेळी सीटीसाठी वेळ घालवण्यापेक्षा सरळ ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनळ्या आतून तपासणे) केलेली बरी. शंका अर्धवट असेल तेव्हा सीटी खरा कामाला येतो.

वाफ दिल्यावर बरं वाटलं. म्हणजे बालदमाच असेल ना?

नेब्युलायझरच्या औषधाने वस्तूभोवतीच्या नळ्या थोड्या सैल होतात, सूजही कमी होते, त्यामुळे तात्पुरते बरे वाटते. दम्याची घरघर सहसा दोन्ही बाजूंना असते, ती वाढत जाते आणि घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असते. पूर्वी कधीच घरघर नसलेल्या मुलाला एका संध्याकाळी, एकाच बाजूला सुरू झाली आणि औषधाला अर्धवटच दाद देते, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ‘आत काही अडकलेलं असू शकतं का?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

वस्तूची शंका असताना कफ सुटावा म्हणून छाती-पाठ थोपटण्याचा व्यायाम करून घेऊ नका. सैल झालेली वस्तू वर येऊन मुख्य श्वासनलिका बंद करू शकते.

ब्रॉन्कोस्कोपी म्हणजे नेमकं काय करतात? औषधाने दाणा विरघळत नाही का?

विरघळत नाही. काढावाच लागतो.

लहान मुलांत हे काम ऑपरेशन थिएटरमध्ये, पूर्ण भूल देऊन होते. कुठेही कापत नाहीत. धातूची कडक, पोकळ नळी तोंडातून स्वरतंतूंमधून खाली नेतात. एक-दोन वर्षांच्या मुलाला साधारण ३.५ क्रमांकाची नळी लागते. नळीतून बारीक दुर्बीण आणि चिमटा जातो आणि तिच्याच बाजूच्या तोंडातून ऑक्सिजन व भुलीचा वायू देतात. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांचे काम एकाच नळीतून चालते. म्हणूनच यासाठी मुलांचा सराव असलेला भूलतज्ज्ञ लागतो.

शेंगदाणा काढणे दिसते तितके सोपे नाही. चिमटा जोराने मिटला की भिजलेला दाणा चुरडतो आणि चुरा आणखी खोल किंवा दुसऱ्या बाजूला जातो. म्हणून जबडे उघडे ठेवून ते दाण्याच्या कडेने पुढे नेतात आणि हलकेच मिटतात. गोल मण्यावर चिमटा घसरतो. मण्याच्या भोकातून बारीक फुगा पलीकडे नेऊन, फुगवून, मणी ओढून घेता येतो. वस्तू नळीत मावत नसेल तर नळी, चिमटा आणि वस्तू तिन्ही एकत्र बाहेर काढतात. यात नाजूक क्षण येतो तो स्वरतंतूंच्या जागी, कारण तिथे वाट अरुंद असते. वस्तू तिथे चिमट्यातून सुटली आणि बाहेर निघेना, तर ती मुद्दाम परत एका श्वसनीत ढकलतात: एक फुप्फुस चालू राहिले तर मूल श्वास घेते आणि दुसरा प्रयत्न करता येतो. वस्तू निघाल्यावर नळी पुन्हा आत घालून दोन्ही बाजू तपासतात. एकाच वेळी दोन दाणे आत गेलेले असणे अजिबात दुर्मिळ नाही.

ही पद्धत जुनी आहे. १८९७ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्ग इथे गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वसनीतून हाडाचा तुकडा नळीने काढला. पुढे अमेरिकेत शेवालिए जॅक्सन यांनी रुग्णांच्या अन्न व श्वासमार्गातून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू जपून ठेवल्या. तो संग्रह फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे. त्यातल्या टाचण्या-पिना पाहिल्या की शंभर वर्षांत पोरांच्या सवयी फारशा बदलल्या नाहीत हे कळते.

लगेच करतात की दुसऱ्या दिवशी?

श्वास अडखळत असेल तर त्याच क्षणी, पोट भरलेले असले तरी. मूल स्थिर असेल तर पोट रिकामे होईपर्यंत थांबतात: घन अन्नानंतर निदान सहा तास, आईच्या दुधानंतर चार. म्हणून निघताना ‘जरा दूध पाजून घेऊ’ असे करू नका. तेवढ्याने शस्त्रक्रिया पुढे जाते.

दुर्बीण घातली आणि काहीच सापडलं नाही तर?

असे होते. ते डॉक्टरांचे अपयश नाही. आत दाणा तसाच राहिला तर होणारे नुकसान रिकाम्या तपासणीच्या धोक्यापेक्षा मोठे असते. साठलेला कफ त्याच वेळी ओढून काढतात, त्याचाही फायदा होतो.

माशाचा काटा अडकला तर यातच मोडतं का?

सहसा नाही. काटा टॉन्सिल, जिभेचे मूळ किंवा अन्ननलिकेच्या वरच्या भागात रुततो. टोचते, गिळताना दुखते, पण श्वास मोकळा असतो. भाताचा गोळा गिळून काटा कधी निघतो, कधी आणखी खोल रुततो. त्यापेक्षा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. लाळ गिळता येत नसेल, मान सुजली, ताप आला किंवा आवाज बदलला तर रात्र काढू नका.

बटण सेल?

नाकात असो, अन्ननलिकेत असो की श्वसनीत, वाट बघायची नाही. ओल्या अस्तराला टेकल्यावर त्यातून वीज वाहते, क्षार तयार होतो आणि दोन तासांत खोल भाजते. एक्स-रेवर नाण्यासारखा दिसतो, पण कडेला दुहेरी वर्तुळ असते.

मोठ्या माणसांनाही होतं का?

होते, आणि उशिरा कळते. अर्धांगवायू झालेले, कंपवाताचे, दारूच्या नशेत जेवणारे, सैल कवळी वापरणारे यांना धोका जास्त. गालात पान-सुपारी धरून झोपणारेही यात आले. शिंपीकाम करताना टाचण्या किंवा वायरिंग करताना स्क्रू ओठांत धरण्याची सवयही वाईट. मोठ्यांची उजवी श्वसनी रुंद आणि जास्त सरळ उतरती असल्याने वस्तू बहुधा उजवीकडे खाली जाते.

अनेकांना ठसका आठवतही नाही. महिनोन्‌महिने खोकला, मधून रक्ताची रेघ, उजव्या खालच्या भागात न हटणारी सावली. असे दिसले की क्षयरोगाचा आणि गाठीचा विचार होतो आणि तो व्हायलाच हवा; पण बेडक्यात जंतू सापडले नाहीत तर आत काही अडकले आहे का हेही बघावे. मोठ्यांत बहुतेक वेळा घसा बधिर करून, लवचिक ब्रॉन्कोस्कोपने, चिमटा किंवा बारीक जाळीने वस्तू काढता येते.

लोहाची गोळी श्वासात गेली तर ती विरघळेल म्हणून बसू नका. विरघळताना ती अस्तर जाळते आणि नळी कायमची आखडू शकते. म्हाताऱ्या माणसाला बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, गोळ्या एकेक द्या.

गोव्यात कुठे न्यायचं? रस्त्यात काय करायचं?

मुलांची कडक नळीची ब्रॉन्कोस्कोपी म्हटली की गोव्यात बहुतेक वेळा वाट बांबोळीला गोमेकॉकडे (गोवा मेडिकल कॉलेज) जाते. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीकडचे रुग्णही तिथेच येतात. मूल नीट श्वास घेत असेल तर तिकडेच निघा. धाप असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर वाळपई, पेडणे किंवा काणकोणहून स्वतःच्या गाडीने धावण्यापेक्षा १०८ बोलवा किंवा वाटेतल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात ऑक्सिजन सुरू करून पुढे जा. म्हापसा आणि मडगाव इथे जिल्हा रुग्णालये आहेत.

मुलाला बसते ठेवा, ज्या स्थितीत ते शांत राहते तीच स्थिती. आडवे पाडू नका, जबरदस्तीने ऑक्सिजनचा मास्क दाबू नका. रडण्याने वस्तू सरकते. तसलीच वस्तू, तसलेच टोपण, तसलीच पिपाणी सोबत न्या. चिमटा निवडायला सर्जनला नमुना लागतो. किती वाजता ठसका लागला आणि शेवटचे काय, कधी खाल्ले, हे कागदावर लिहा.

शेंगदाणे, काजू कधीपासून द्यायचे? खेळण्यांचं काय?

अख्खे दाणे पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत नकोत. कूट, चटणी, लापशीत मिसळलेले चालते. द्राक्ष उभे चार भाग करून, चिकू-सीताफळ बिया काढून, फणसाची उकडलेली आठळी कुस्करून. चवथीला माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट) उतरवली की छोटी फळे आणि सुपाऱ्या घरभर लोळतात. त्या दिवशी रांगणाऱ्या पोरावर एकाने नजर ठेवावी. जत्रेच्या फेरीतून आणलेले चणे गाडीत, मांडीवरच्या मुलाला देऊ नका: एका खड्ड्यात गाडी आदळली की दाणा आत.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे; फेरीतल्या खेळण्यांवर ते शोधून सापडत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावणारा भाग धोक्याचा मानतात. बटण सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणे घरात नको.

बाळाच्या नाकात तेल घालतात, घुटी पाजताना नाक धरतात. चालेल?

नाही. तेल-तूप फुप्फुसात गेले तर खोकला येतोच असे नाही, आणि दुर्बिणीने ते दाण्यासारखे उचलताही येत नाही. त्याने होणारा न्यूमोनिया रेंगाळतो. रडणाऱ्या बाळाला चमच्याने काहीही ओतू नका.

काढल्यानंतर घरी काय बघायचं?

साधारण २४ तास रुग्णालयात ठेवतात. पहिल्या रात्री स्वरयंत्राला सूज येऊ शकते, तेव्हा श्वास घेताना आवाज येतो. त्यासाठी स्टेरॉइड किंवा ॲड्रेनलिनची वाफ देतात. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही, संसर्ग असेल तरच. दोन-चार दिवस आवाज बसका राहील. वस्तू उशिरा निघाली असेल तर खोकला आणखी काही दिवस टिकतो, पण तो रोज कमी व्हायला हवा. ताप परत आला, घरघर त्याच बाजूला पुन्हा सुरू झाली किंवा आठवड्यानंतरही खोकला तेवढाच असेल, तर पुन्हा दाखवा: आत उरलेला तुकडा किंवा वाढलेले मांस असू शकते आणि त्यासाठी दुसऱ्यांदा दुर्बीण घालावी लागते.